पुसलेल्या चित्रफिती, जपणारे हात

१३ जानेवारी १९६३ रोजी बीबीसीने ‘मॅडहाऊस ऑन कॅसल स्ट्रीट’ नावाचे एक नाटक दूरचित्रवाणीवर दाखवले. दिग्दर्शक फिलिप सॅव्हिल यांनी न्यूयॉर्कमध्ये एका तरुण गायकाला ऐकले होते आणि या नाटकासाठी त्याला मुद्दाम लंडनला बोलावून घेतले होते. तालमीत त्याला संवाद म्हणणे जमेना. तेव्हा भूमिकेचे दोन भाग केले गेले; संवाद डेव्हिड वॉर्नर या नटाकडे गेले आणि गाणी गायकाकडे राहिली. गायकाचे वय २१, नाव बॉब डिलन. १९६८ साली, डिलन जगभर गाजत असताना, बीबीसीने या नाटकाचे मुद्रण नष्ट केले. आता उरली आहेत ती काही छायाचित्रे आणि त्या रात्री कुणीतरी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेली काही गाणी.

जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या संग्राहकांकडे ‘हवे असलेल्या’ कार्यक्रमांच्या याद्या असतात आणि त्यांत हे नाटक हमखास सापडते. अशा याद्या पाहिल्या की पहिला प्रश्न पडतो तो ‘हे पुसले कुणी आणि का’ असा. त्याचे उत्तर आता बरेचसे ठाऊक झाले आहे. त्याहून अवघड प्रश्न दुसराच आहे: जे उरले ते कुणामुळे उरले, आणि जे कुणाच्याच यादीत नाही त्याचे काय झाले? ब्रिटनचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे, कारण तिथे या हरवण्याचा हिशेब बारकाईने मांडला गेला आहे.

पुसण्याचे अर्थशास्त्र

सुरुवातीची दूरचित्रवाणी स्वतःला रंगभूमीची धाकटी बहीण समजत असे. नाटक स्टुडिओत घडत असे आणि त्याच क्षणी घरोघरी दिसत असे. संपले की संपले. १९५३ साली ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ ही सहा भागांची विज्ञानकथा ब्रिटनमध्ये चांगलीच गाजली. तिचे पहिले दोन भाग पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्रित केले होते, ते आज आहेत. पुढचे चार त्या पद्धतीने टिपलेच गेले नाहीत. १९५४ च्या डिसेंबरात जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चे नाट्यरूपांतर १२ तारखेला, रविवारी झाले. त्याचे ‘पुनःप्रक्षेपण’ गुरुवारी १६ तारखेला होते, म्हणजे पीटर कुशिंगसह सगळे नट पुन्हा स्टुडिओत आले आणि त्यांनी सगळे नाटक नव्याने केले. आपल्याला आज दिसतो तो हा गुरुवारचा प्रयोग.

१९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने चित्रफितीचे यंत्र बाजारात आणले. फीत दोन इंच रुंद, जड आणि फार महाग होती. तिचे मोठे आकर्षण असे की ती पुसून पुन्हा वापरता येई. आज ज्याला आपण गुन्हा म्हणतो तो त्या काळी त्या वस्तूचा गुण होता! लेखापालाच्या नजरेने पाहिले तर कपाटात पडून असलेली भरलेली फीत म्हणजे अडकलेले भांडवल.

त्यात करारांची भर पडली. एकदा केलेले नाटक वारंवार दाखवले तर नटांचे काम बुडेल, अशी नटांच्या संघटनेला रास्त भीती होती. त्यामुळे ठरावीक मुदतीत मोजक्याच वेळा पुनःप्रक्षेपण करता येई. मुदत संपली की फीत ठेवून काय करायचे? पुढे १९६७ साली ‘बीबीसी टू’वर आणि १९६९ च्या नोव्हेंबरात ‘बीबीसी वन’वर रंग आले आणि कृष्णधवल मालिकांना परदेशांतूनही गिऱ्हाईक उरेना.

या सगळ्यात कुणी खलनायक नव्हता. फिती अभियांत्रिकी विभागाकडे होत्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या सोळा मिलिमीटर फिल्म व्यापारी विभागाकडे होत्या. फिल्मचे ग्रंथालय तिसरेच होते. आपल्याकडची प्रत गेली तरी दुसऱ्याकडे असेलच, अशा समजुतीत प्रत्येकाने आपापली जागा मोकळी केली. ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. त्या सगळ्यांच्या मूळ फिती आणि पुढे बऱ्याच फिल्मही अशाच गेल्या. १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीचे बीबीसीच्या स्टुडिओतील चित्रणही बहुतांश असेच नाहीसे झाले. हे सत्र १९७८ च्या सुमारास थांबले. स्यू माल्डेन यांच्याकडे संग्रहासाठी कार्यक्रम निवडण्याचे काम आले. काय गेले आणि कसे गेले याचा माग काढायला त्यांनी नमुना म्हणून घेतली ती ‘डॉक्टर हू’च.

दुर्लक्षाची देणगी

पुढची कहाणी सापडण्याची आहे, आणि तिच्यात संस्थेच्या दूरदृष्टीपेक्षा इतरांच्या आळसाचा वाटा मोठा आहे. बीबीसी आपल्या मालिकांच्या फिल्म परदेशी केंद्रांना भाड्याने देई. एका देशाने दाखवून झाल्या की त्याच प्रती पुढच्या देशात जात. शेवटच्या केंद्राने त्या परत पाठवायच्या किंवा नष्ट करून तसे कळवायचे, असा नियम होता. जिथे नियम काटेकोर पाळला गेला तिथे काहीच उरले नाही. जिथे कुणी डबे कपाटावर टाकून विसरून गेले तिथे इतिहास वाचला.

‘डॉक्टर हू’चे दोन भाग १९८३ मध्ये लंडनच्या क्लॅपहॅम भागातील मॉर्मन पंथाच्या चर्चच्या तळघरात निघाले. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ हे चार भागांचे संपूर्ण कथानक हाँगकाँगहून परत आले. फिलिप मॉरिस हे शोधक नायजेरियातील जोस शहराच्या दूरचित्रवाणी केंद्रात पोचले, तिथल्या फडताळावर त्यांना डबे दिसले. त्यांतून हरवलेले नऊ भाग हाती आले आणि २०१३ च्या ऑक्टोबरात ती बातमी जगाला कळली. त्यानंतर गहाळ भागांचा आकडा ९७ वर आला. ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेच्या दोन भागांची फिल्म तर कुणीतरी कचऱ्याच्या पेटीतून उचलून घरी नेली होती. ते भाग २००१ साली परत मिळाले.

सर्वांत गमतीचा किस्सा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या सेन्सॉरने लहान मुलांना घाबरवतील असे तुकडे ‘डॉक्टर हू’मधून कापून काढले. कापलेला प्रत्येक तुकडा नोंद करून सरकारी दप्तरात जपून ठेवला. मूळ भाग गेले, हे तुकडे राहिले. १९९० च्या दशकात ते चाहत्यांनी शोधून काढले. म्हणजे काही भागांचे आज हलते चित्र उरले आहे ते फक्त सेन्सॉरने दाखवू न दिलेले!

घरातले संग्राहक

संस्थेबाहेरच्या तीन प्रकारच्या माणसांनी उरलेले काम केले.

पहिली म्हणजे शाळकरी मुले. साठच्या दशकात घरी चित्रमुद्रण करण्याची सोय सामान्यांकडे नव्हती, पण रिळांचा टेपरेकॉर्डर काही घरांत आला होता. ही मुले दूरचित्रवाणी संचाच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून बसत आणि घरातल्यांना गप्प बसायला लावत. काहींनी संचाच्या आतल्या तारांनाच जोडणी करून स्वच्छ आवाज मिळवला. त्यांच्या या हट्टामुळे ‘डॉक्टर हू’च्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज शाबूत आहे. त्यावर बेतून पुढे अनेक भाग ॲनिमेशनच्या रूपात उभे करता आले.

दुसरा, धंदा म्हणून हे करणारा एक छायाचित्रकार. जॉन क्युरा चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून दूरचित्रवाणीच्या पडद्याची स्थिर छायाचित्रे घेई आणि ती नटांना व दिग्दर्शकांना विकत असे. आपण पडद्यावर कसे दिसलो हे पाहायला त्यांच्याकडे दुसरे साधनच नव्हते. एका भागाची साठ-सत्तर छायाचित्रे असत. १९६९ साली तो वारला. अनेक कार्यक्रमांचा डोळ्यांना दिसणारा एकमेव पुरावा म्हणजे आज त्याच्या या छोट्या चौकटी.

तिसरा गट फिल्म आणि चित्रफिती साठवणाऱ्यांचा. त्यांची स्थिती चमत्कारिक होती. बीबीसीने टाकून दिलेला डबा ज्याच्याकडे असे, त्याला तो उघडपणे दाखवण्याची सोय नव्हती, कारण हक्क अजून संस्थेचे होते. प्रसिद्ध विनोदी कलाकार बॉब मंकहाऊस यांच्या चित्रपट-संग्रहावर पोलिसांनी छापा घातला आणि १९७९ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला. ते निर्दोष सुटले. पण या प्रकाराने इतर संग्राहकांना एकच धडा मिळाला: तोंड मिटून राहा. मंकहाऊस २००३ साली वारले. त्यानंतर त्यांच्या घरच्या हजारो फिती तपासल्या गेल्या आणि हरवले म्हणून नोंदलेले कार्यक्रम त्यांत निघाले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९३ पासून ‘मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड’ हा उपक्रम चालवला. सापडलेले कार्यक्रम लोकांसमोर दाखवायचे आणि संग्राहकाला आरोपी न समजता सहकारी मानायचे, ही त्यामागची भूमिका. डबे बाहेर येऊ लागले ते या बदललेल्या वागणुकीमुळेही.

यादीत नसलेले

इथवरची कथा प्रेमाची आणि चिकाटीची आहे. तिची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी मांडत नाही.

बीबीसीने १९६५ ते १९६७ या काळात ‘युनायटेड!’ नावाची एका फुटबॉल संघाच्या जीवनावरची मालिका आठवड्यातून दोनदा दाखवली. १४७ भाग झाले. त्यातला एकही उरलेला नाही. ‘कॉम्पॅक्ट’ ही स्त्रियांच्या मासिकाच्या कचेरीत घडणारी मालिका १९६२ ते १९६५ चालली. ३७३ भागांपैकी चार शिल्लक आहेत. या मालिका लाखो लोक पाहत होते, पण त्यांच्यासाठी मायक्रोफोन धरून बसणारा मुलगा कुठेच नव्हता. २०१८ साली ‘कॅलिडोस्कोप’ या संस्थेने सर्वाधिक हव्या असलेल्या शंभर हरवलेल्या कार्यक्रमांची यादी केली, तीत पहिला क्रमांक ‘डॉक्टर हू’चा होता. ज्याचा आवाज संपूर्ण आहे, छायाचित्रे आहेत, पटकथा आहेत, अशी मालिका ‘हव्या असलेल्यां’त पहिली येते. जिचे काहीही उरलेले नाही ती हवीशी वाटायला आठवण तरी कुणाला असावी लागते ना!

संग्राहकाच्या इच्छेला स्वतःचा आकार असतो. ती बहुधा बालपणाच्या आठवणीभोवती फिरते, आणि तिच्यात मालिकेचे सगळे भाग पूर्ण करण्याची ओढ असते. साठच्या दशकातील कचेरीत काम करणारी बाई कशी बोलत होती, हे समजून घ्यायला ‘कॉम्पॅक्ट’चे हरवलेले भाग अभ्यासकाला फार मोलाचे ठरले असते. त्यांची आठवण जपणारे चाहते मंडळ नव्हते, म्हणून ते गेले. संस्थेने नफ्याच्या निकषाने गाळले, संग्राहकाने प्रेमाच्या निकषाने वेचले. दोन्ही चाळण्यांतून जे खाली पडले ते रोजचे, सामान्य, पुष्कळ असलेले.

याला सणसणीत अपवाद फिलाडेल्फियाच्या मेरियन स्टोक्स या बाईंचा. पूर्वी ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या स्टोक्सबाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस, इराणमधील ओलीस प्रकरणाच्या सुमारास, बातम्या अखंड मुद्रित करायला सुरुवात केली. घरात एकाच वेळी अनेक यंत्रे चालत आणि फीत बदलायच्या वेळेला घरातल्यांना धावत यावे लागे. निवड करायची नाही, सगळे ठेवायचे, हा त्यांचा दंडक. १४ डिसेंबर २०१२ रोजी त्या गेल्या तेव्हा मागे सुमारे ७०,००० फिती होत्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वेड वाटावे असा हा उद्योग. पण जाहिराती, निवेदकांच्या चुका, मध्यरात्रीच्या बातम्या असे सगळे त्यात आले, कारण बाईंनी आवडीनिवडीला मध्ये येऊ दिले नाही. तो संग्रह आता ‘इंटरनेट अर्काइव्ह’कडे आहे.

आपल्या अंगणात

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. फीत महाग आणि पुन्हा वापरता येण्याजोगी, हे गणित इथेही तेच होते. पहिल्या दहा वर्षांत घरी चित्रमुद्रण करू शकणारे मराठी घर विरळा. व्हीसीआर घरांत दिसू लागला तो १९८२ च्या एशियाडनंतर. त्या आधीच्या दशकातले काय हवे, असे आज कुणाही जाणत्या वाचकाला विचारा. ‘चिमणराव’ आणि ‘गजरा’ ही नावे तत्काळ येतील, आणि ती यायलाच हवीत. पण ‘आमची माती, आमची माणसं’ मागणारा किती वेळाने भेटेल? त्या काळचा शेतकरी कॅमेऱ्यापुढे कोणती बोली बोलत होता, बियाणे आणि खते याविषयी काय विचारत होता, त्याला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचा सूर कसा होता, हे अभ्यासायला त्याच्याइतके साधन दुसरे कोणते? ‘साप्ताहिकी’चा एखादा भाग तर सगळ्या आठवड्याच्या कार्यक्रमांचे दप्तरच ठरेल.

पुढच्या काळातल्या फिती मात्र आजही अनेक माळ्यांवर आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएस यंत्राचे उत्पादन २०१६ च्या जुलैत थांबवले. ते जगातले अशा यंत्राचे शेवटचे मोठे उत्पादन होते. चुंबकीय फितीला आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणजे वेळ थोडा आहे. फिती संगणकावर उतरवून घेताना बहुतेक जण मालिका ठेवतात आणि मधल्या जाहिराती, सुरुवातीची निवेदिका, शेवटच्या अर्ध्या बातम्या कापून टाकतात. संस्थांनी एके काळी वापरलेली कात्री ती हीच, फक्त आता ती आपल्या हातात आहे. हवे ते जपणे सोपे असते. जे आज कुणालाच नको आहे, ते तसेच राहू दिले तर पन्नास वर्षांनी कुणीतरी त्यात आपल्याला शोधू शकेल.