रक्तातून प्राणवायूची वाहतूक

श्वासावाटे फुप्फुसांत आलेला प्राणवायू रक्त साऱ्या शरीरभर पोहोचवते, हे शाळेतच शिकवले जाते. मात्र प्राणवायू पाण्यात फारच कमी विरघळतो आणि रक्तातील द्रवभाग बहुतांशी पाणीच असतो. त्यामुळे १०० मिलिलिटर रक्तात निव्वळ विरघळून राहणारा प्राणवायू जेमतेम ०.३ मिलिलिटर भरतो. एवढ्यावर मनुष्य जगणे अशक्यच. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्या तेवढ्याच रक्तात सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू सामावतो. ही किमया हिमोग्लोबिन या प्रथिनाची.

रक्तातील प्रत्येक तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. एका रेणूत लोहाचे चार अणू असतात व प्रत्येक अणू प्राणवायूचा एक रेणू धरतो. लोखंडाला गंज चढतो तेव्हा प्राणवायू त्यात कायमचा अडकतो. येथे मात्र तो धरता येतो, तसाच सोडताही येतो. फुप्फुसांत प्राणवायूचा पहिला रेणू जोडला गेला, की हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि पुढच्या रेणूंना जागा मिळणे सोपे जाते. क्ष-किरणांच्या साह्याने ही रचना उलगडणारे मॅक्स पेरुट्झ यांना १९६२ मध्ये जॉन केंड्र्यू यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्राणवायू नेमका कोठे उतरवायचा, याचा संकेत पेशींकडूनच मिळतो. राबणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड, आम्लता आणि उष्णता वाढते व त्यामुळे हिमोग्लोबिनची पकड सैल होते. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम १९०४ मध्ये डेन्मार्कचे क्रिस्तियान बोर यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिला. अणुरचनेमुळे ख्यातनाम झालेले नील्स बोर हे त्यांचेच पुत्र. विश्रांतीच्या वेळी रक्त आपल्याजवळचा केवळ पाव हिस्सा प्राणवायू उतरवते. उरलेला साठा धावताना वा ओझे उचलताना उपयोगी पडतो.

या व्यवस्थेत दोन प्रकारे बिघाड होतो आणि दोन्ही वेळा बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर फसवू शकतो. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. असे रक्त लालभडकच दिसत असल्याने यंत्राला ते प्राणवायूने भरलेले वाटते.

दुसरा बिघाड रक्तक्षयाचा, आणि तो कितीतरी अधिक घरांत आढळतो. २०२० च्या कोरोना साथीपासून घरोघरी पोहोचलेले हे यंत्र असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलेले आहे, तेवढेच सांगते. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे सांगत नाही. रक्तात केवळ ७ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीच्या बोटावरही ९८ हा आकडा दिसू शकतो. मात्र तिच्या १०० मिलिलिटर रक्तात प्राणवायू असतो सुमारे साडेनऊ मिलिलिटर, म्हणजे निम्म्याहून कमी. ही तूट भरून काढण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने धडधडावे लागते आणि जिना चढताना धाप लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम, तर गर्भवतींसाठी ११ ग्रॅम ही किमान मर्यादा धरली जाते. ती कळते केवळ हिमोग्लोबिनच्या तपासणीतून, आणि त्यासाठी बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंबही पुरतो.