रात्री 11.24चा निरोप

26 नोव्हेंबर 2008, रात्री साडेनऊनंतर. अतिरेक्यांचा हल्ला लिओपोल्ड कॅफेवर, मग सीएसटीवर. मुंबई पोलिसांच्या नियंत्रण कक्षात 100 नंबर खणखणू लागला. त्या फोनांत लपून बसलेल्यांचे पत्तेही होते. ते त्या क्षणी बाहेर फुटले असते तर जीव गेले असते. ताज हॉटेलमधल्या हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2012च्या कसाब निकालात वाहिन्यांना जे सुनावलं, ते याच धोक्यावरून.

साडेदहानंतर. अतिरेकी कसाब आणि अबू इस्माईल कामा रुग्णालयात शिरले. अतिरिक्त आयुक्त सदानंद दाते मोजकी माणसं घेऊन वर चढले. हातबाँबनं जखमी झाले, तरी अडून राहिले आणि मदत मागत राहिले.

11.24. कामाच्या मागच्या गल्लीतून एटीएस प्रमुख हेमंत करकरेंचा निरोप कक्षाला गेला: रुग्णालयाच्या पुढच्या बाजूला कुमक पाठवा, वेढा घाला, लष्कराशी बोला. सोबत पोलीस अधिकारी अशोक कामटे आणि विजय साळसकर होते. पोलीस आयुक्तालय तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर.

त्यानंतरची मिनिटं कोणाची? पुढची बाजू मोकळीच राहिली आणि दोघे अतिरेकी तिकडूनच निसटले.

मध्यरात्र. तिघे अधिकारी क्वालिसमधून पुढच्या बाजूला निघाले. रंगभवनच्या गल्लीत गोळीबार झाला. गाडीतल्या सातांपैकी एकटे अरुण जाधव वाचले, तेही जखमी, सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली. अतिरेक्यांनी अधिकाऱ्यांना रस्त्यावर टाकून गाडी पळवली.

साडेबाराच्या पुढे. आता वायरलेस कामी आली. क्वालिस सोडून स्कोडा पळवल्याची खबर फिरली, गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी लागली, तुकाराम ओंबळेंनी कसाबची बंदूक धरून ठेवली. नियंत्रण कक्ष झोपला होता असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं. कक्षाची नोंदवही दोन्ही बाजूंनी साक्ष देते, म्हणून तर ती हवी.

11.24 हा आकडा मात्र आपल्याला खात्यानं सांगितलेला नाही. अशोक कामटेंच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहिती अधिकारात कॉल नोंदी मागितल्या, आधी नकार पचवला, अपिलं केली. नोव्हेंबर 2009मध्ये त्यांचं ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक आलं. मदत पोचली नाही, जखमी गल्लीत बराच वेळ पडून राहिले, हा त्यांचा आरोप. त्या रात्री कक्ष सांभाळणाऱ्या राकेश मारियांनी तो फेटाळला. नोंदींतल्या विसंगतीचा वाद राज्य माहिती आयोगापर्यंत गेला. माझ्या मते या नोंदी देण्यात गोपनीयतेचा मुद्दा नव्हताच. कर्तव्यावरच्या अधिकाऱ्यानं कक्षाकडे मागितलेली कुमक ही कोणाची खाजगी गोष्ट?

खाजगी काय असतं, ते भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तुमसरात लवकर कळतं. आज 112 लावला की फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून निरोप भंडाऱ्याला. समजा, नवऱ्याच्या मारापायी एखाद्या बाईनं फोन केला. उद्या ती नोंद नाव खोडून जरी दिली, तरी वॉर्ड आणि शेजारचं दुकान वाचून अर्धा बाजार तिला ओळखेल. तेव्हा नाव, गल्ली, आवाज, सगळं झाकाच. फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, कधी पोचली, हे झाकायचं कारण नाही.

पण झाकणं सोपं होत चाललंय. माहिती अधिकाराच्या कलम 8 (1) (जे)मध्ये व्यापक लोकहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, अशी सोय होती. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ते शब्दच काढले. आता आधार कलम 8 (2)चा: लोकहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. तेव्हा अर्जात या कलमाचा उल्लेख करावा, आधी फक्त वेळा मागाव्यात, आणि अपील निकाली निघेपर्यंत मूळ ध्वनिमुद्रण पुसू नये, हे त्याच कागदावर लिहून पोच घ्यावी.