पायडलचा आधार

सायकलला इंजिन जोडण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. १८९७ साली पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी पुढच्या चाकावर इंजिन बसवून पट्ट्याने ते चाक फिरवले. इंजिनावर पुरता भरवसा नव्हता, म्हणून सायकलचे पायडल कायम ठेवले गेले. या वाहनाचा पुढचा इतिहास म्हणजे पायडलची गरज हळूहळू संपत जाण्याचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात स्वस्त वाहनाची निकड होती. १९४६ पासून फ्रान्समध्ये विकल्या गेलेल्या व्हेलोसोलेक्सचे इंजिन पुढच्या टायरवर टेकवलेल्या रुळाने चाक फिरवी. पावसात रूळ ओल्या टायरवर घसरे. इंजिन बंद पडले, तर दांडा ओढून ते टायरवरून उचलायचे. मग खाली साधी सायकल उरे. १९५२ साली एका स्वीडिश पत्रकाराने मोटर आणि पायडल या शब्दांची सांगड घालून ‘मोपेड’ हे नाव रूढ केले.

महाराष्ट्रात मोपेड घरोघरी पोचली ती लूनामुळे. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली आणलेली ही ५० सीसीची गाडी इटलीतल्या पियाज्जोच्या ‘चाओ’वरून घेतलेली होती. ती पायडल मारून सुरू करत आणि पेट्रोल संपले तर पायडल मारतच घरी आणत.

तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसे. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. बहुतेक बिघाडांचे मूळ या मिश्रणात होते. ऑइल कमी पडले की पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होई. जास्त झाले की प्लग काळा, ओला होऊन ठिणगी पडत नसे. म्हणून गाडी बंद पडली की आधी प्लग काढत. पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून तो टोपीत बसवत, सिलिंडरच्या धातूला टेकवत आणि पायडल फिरवत. निळी ठिणगी दिसली, तर दोष इंधनाकडे. दिसली नाही, तर मॅग्नेटोच्या पॉइंटकडे किंवा कॉइलकडे. इंधनाच्या वाटेवर आधी पेट्रोलचा कॉक, मग टाकीच्या झाकणातले हवेचे भोक आणि शेवटी कार्बोरेटरचा जेट पाहत. जेटमधला कचरा फुंकून काढत. तार घातल्यास भोक मोठे होऊन गाडी जास्त पेट्रोल पिई.

गाडी सुरू होऊनही चढावर दम टाकू लागली, तर ते सायलेन्सर चोंदल्याचे लक्षण मानत. जळक्या ऑइलचा कार्बन त्यात आणि सिलिंडरच्या धूर जाण्याच्या खिडकीत साचे. मेकॅनिक सायलेन्सर आगीत तापवून आतला थर जाळत, मग ठोकून राख झटकत. खिडकीतला थर खरवडताना पिस्टनला ओरखडा पडू न देणे हे हाताचे कसब होते.

पुढे किकची मोपेड आली आणि पायडल पाय ठेवण्यापुरते उरले, मग तेही गेले. टीव्हीएसच्या २०१५ मधल्या एक्सएल १०० ला फोर-स्ट्रोक इंजिन मिळाले, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणे थांबले. २०२४ साली लूना विजेवर परतली, तेव्हा प्लग, जेट आणि सायलेन्सर यांच्यासोबत त्यांचे बिघाडही संपले होते. मात्र वाटेत बॅटरी संपली, तर घरी नेणारे पायडलही तिला नाही.