तोळा कुठला?

आज्जी ज्वारी मापायला बसली की पहिलं माप ओतताना ‘एक’ म्हणायची नाही. ‘लाभ’ म्हणायची. मग दोन, तीन, चार. मध्ये कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा शेर मापाचा. दुकानात तागडीवर चढायचा तो शेर वजनाचा. नाव एकच, पण शेरभर ज्वारी आणि शेरभर पोहे वजनाला सारखे भरत नाहीत, हे मला शाळेच्या आधी तिच्या सोप्यात कळलं.

वजनाचं खातं आज्ज्याकडं. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीत तो गुळाच्या अडतीवर तोलाईदार होता. तो सांगायचा, जुना चांदीचा रुपया म्हणजेच एक तोळा. वजनं कमी पडली की ऐंशी रुपये पारड्यात टाकायचे, झाला शेर. चाळीस शेरांचा मण. पण मुंबईचा मण अठ्ठावीस रत्तलांचा, म्हणजे जेमतेम पावणेतेरा किलो, आणि बंगाली मण सदतीस किलोंच्या वर. परगावचा व्यापारी ‘मण’ म्हणाला की आज्जा आधी विचारायचा, “कुठला मण?” इंग्रजांचा रत्तल या सगळ्याच्या मधे, साधारण ४५४ ग्रॅमचा.

हुकाच्या काट्यावर त्याचा भरवसा नव्हता. “स्प्रिंग थकतीया बाळ, तागडी थकत न्हाई.” पुढं कॉलेजात त्याचं दुसरं अंग समजलं. तागडी दोन पारड्यांतलं वस्तुमान ताडून बघते, स्प्रिंग पृथ्वीची ओढ मोजते. चंद्रावर स्प्रिंगचा काटा सहावा हिस्सा दाखवील. तागडी इथल्यासारखीच तोलेल.

मग किलो आला. १९५६ चा कायदा, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं नवी वजनं, १९६२ च्या एप्रिलपासून सक्ती. त्याआधी, १९५७ मध्येच, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते, त्यामुळं बाजारात दोन्ही हिशेब एकदमच बदलले. शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोत शेरापेक्षा पावणेसहा तोळे जास्त. शेराच्या भावात किलो मागणारं गिऱ्हाईक आणि किलोच्या भावात शेर देणारा दुकानदार, दोघंही त्यानं पाहिले. घरी मात्र आज्जी शेवटपर्यंत ‘पावशेर चहा’च आणायला सांगायची, आणि वाणी पाव किलो द्यायचा.

सोन्याचं वजन बदललं तरी शब्द बदलला नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज सराफांच्या गुजरीत तोळा म्हटलं की दहा ग्रॅम. आज्जी गेल्यावर तिच्या पाटल्या घेऊन एक आत्या आणि मी गुजरीत गेलो. डबीत घडी घातलेली चिठ्ठी होती, आज्ज्याच्या अक्षरात: ‘पाटल्या दोन, चार तोळे’. दोघी आत्यांनी त्याच आकड्यावर वाटणी ठरवली होती. सराफानं पाटल्या काट्यावर ठेवल्या. शेहेचाळीस ग्रॅमच्या वर आकडा गेला. आत्या घाबरली, कुणाच्या दुसऱ्याच पाटल्या तर आल्या नाहीत ना? मी चार गुणिले ११.६६ केलं, ४६.६४. आज्जीनं रोज भाकरी थापताना जी काय झीज झाली असेल तेवढीच कमी.

आत्या बराच वेळ चिठ्ठीकडं बघत राहिली. मग सराफाकडून पेन मागून घेतलं, ‘चार’ आणि ‘तोळे’ यांच्या मधे वर ‘जुने’ असं लिहिलं, आणि चिठ्ठी परत डबीत ठेवली.