डी नदीवरचा पूल आणि बिडाचा भरवसा

१/ २४ मे १८४७ ची संध्याकाळ. इंग्लंडमधील चेस्टर शहरानजीक डी नदीवरील रेल्वेपुलावरून रुआबनकडे निघालेली गाडी जात असता एक तुळई दुभंगली. इंजिन पैलतीरी पोचले. मागील डबे नदीत कोसळले. पाच जण मृत्युमुखी पडले. पूल वापरात येऊन वर्षही झाले नव्हते. रचनाकार होता रॉबर्ट स्टीफन्सन, त्या काळातील अग्रगण्य अभियंत्यांपैकी एक.

२/ तुळई ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची होती. कार्बनचे प्रमाण अधिक असल्याने बीड साच्यात सहज ओतता येते, दाबही उत्तम सोसते. ताण मात्र सोसत नाही. तुळईवर भार पडला की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. घडीव लोखंड अशा वेळी आधी वाकते. बीड एकाएकी तुटते. खांबाला जे योग्य, ते तुळईला घातक.

३/ हे स्टीफन्सनला ठाऊक नव्हते असे नाही. गाळा ९८ फुटांचा होता. एवढी तुळई अखंड ओतणे अवघड, म्हणून तीन तुकडे बोल्टांनी जोडले आणि आधारासाठी घडीव लोखंडाच्या पट्ट्या बसवल्या. परंतु त्या पट्ट्यांची टोके तुळईलाच जखडलेली होती! जिने पडायचे, तिच्याच आधाराने तिला सावरायचे, असा हा प्रकार. त्यातच इंजिनाच्या ठिणग्यांनी लाकडी तक्तपोशी पेटू नये म्हणून अपघाताच्याच दिवशी रुळांखाली सुमारे पाच इंच खडी पसरली गेली. आगीचा धोका टळला, पण तुळईवरील भार वाढला.

४/ गाडी रुळावरून घसरून तुळईवर आदळली, असा बचाव स्टीफन्सनने केला. रेल्वे निरीक्षक कॅप्टन सिमन्स यांना तो पटला नाही. पुढे नेमलेल्या शाही आयोगाने १८४९ च्या अहवालात प्रयोगांनिशी दाखवले की एकदा सहज पेलणारा भारही पुनःपुन्हा आला तर बीड तुटू शकते.

५/ स्टीफन्सनचा नंतरचा एक मोठा पूल, ब्रिटानिया (१८५०), घडीव लोखंडाचा झाला. १८९० मध्ये तर स्कॉटलंडचा अजस्र फोर्थ पूल पोलादात उभा राहिला. जुन्या लहानसहान पुलांखालील बिडाच्या तुळया मात्र तशाच राहिल्या. बदलायचा खर्च कोणाला नको होता. १८९१ मध्ये लंडनच्या नॉरवुड जंक्शनजवळ गाडीखालीच अशी एक तुळई तुटली. आत ओतकामातील पोकळी दडलेली होती. सुदैवाने कोणी दगावले नाही. बिडाच्या तुळया मोठ्या प्रमाणावर बदलणे सुरू झाले ते त्यानंतर, चेस्टरच्या ४४ वर्षांनी.