शारदेचा नवरा कोण? आमोण्याच्या मांडावरचा एक जुना वाद



मागच्या आठवड्यात कुणीतरी जुन्या जत्रेतल्या नाटकांचा विषय काढला आणि मला आमोण्यातला एक वाद आठवला. वाद जमिनीचा नव्हता, मानपानाचाही नव्हता. तो होता एका मुलीच्या लग्नाचा, आणि ती मुलगी खरी नव्हतीच! गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’मधली शारदा ती.

आमच्या डिचोली-पेडणे भागात घरात कोंकणी आणि मांडावर मराठी, हे ठरलेलंच. हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या शेवटी. त्यामुळे देवळं राहिली, जत्रा राहिल्या आणि जत्रेबरोबर नाटकंही राहिली. साठच्या दशकात, म्हणजे मी शाळेत असताना, गावात तीन संगीत नाटकं पुन्हा पुन्हा व्हायची. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ 1882 चं, देवलांची ‘शारदा’ 1899 ची आणि खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ 1916 चं. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, पायपेटी, पडद्याआड वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर आणि शारदेच्या कामाला गावातलाच एखादा नाजूक आवाजाचा पोरगा. दाढी दोनदा घोटून, नऊवारी नेसून तो रंगमंचावर आला की बायकासुद्धा त्याच्या निऱ्यांचं कौतुक करायच्या.

आता गंमत बघा. तिन्ही नाटकांत एका तरुण मुलीच्या लग्नाचाच पेच आहे. सुभद्रेला बलरामदादा दुर्योधनाला देऊ बघतो, रुक्मिणीला तिचा भाऊ शिशुपालाला देऊ बघतो आणि शारदेला तर बापच पैशासाठी पंच्याहत्तरीच्या भुजंगनाथाला विकायला निघतो. पण ‘सौभद्र’ आणि ‘स्वयंवर’ बघून लोक घरी जायचे ते गाण्यांबद्दल बोलत. जोडीबद्दल वाद घालणार कसा? सुभद्रा अर्जुनाची, रुक्मिणी कृष्णाची, हे पुराणानं आधीच ठरवून टाकलेलं. शारदेला मात्र पुराणाचा आधार नाही. देवलांची इतर नाटकं संस्कृत किंवा इंग्रजी-फ्रेंच साहित्यकृतींवरून घेतलेली, हे एकच त्यांचं स्वतंत्र. शारदेचं काय व्हावं हे देवलांनी स्वतः ठरवलं, म्हणजे ते चुकलेही असतील, असं म्हणायला प्रेक्षक मोकळे झाले. माझ्या मते आपल्याकडे नाटकातल्या जोडीवरून भांडण्याची खरी सुरुवात इथूनच झाली.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल हा जरठ-कुमारी विवाह जुळवतो. कोदंड नावाचा तरुण त्याविरुद्ध उभा राहतो. ऐन लग्नात वधू-वरांचं गोत्र एकच निघतं आणि लग्न मोडतं. पण मांडवात उभी राहिलेली मुलगी, तिला आता कोण करणार? शारदा जीव द्यायला नदीकडे जाते, कोदंड तिला वाचवतो, आणि ब्रह्मचारी राहायचं ठरवलेला हा माणूस शेवटी शंकराचार्यांच्या संमतीनं तिच्याशी लग्न करतो.

नाटक पहाटे संपायचं आणि चहाच्या दुकानात वादाला तोंड फुटायचं. म्हापशा-पणजीला शिकायला जाणारे तरुण फडके-खांडेकर वाचलेले. त्यांची तक्रार अशी की कोदंडाचं शारदेवर आधीपासून प्रेम दाखवायला हवं होतं, हे काय उपकार केल्यासारखं लग्न! भटजींचा मुद्दा वेगळाच. सप्तपदी झाली नसेल तर ती मुलगी कुमारीच, मग ब्रह्मचाऱ्याला नवस मोडायला लावण्याची गरज काय, चांगलं स्थळ बघायचं. आणि गावचा दुकानदार म्हणायचा, भुजंगनाथ नको हे कबूल, पण कोदंडाची कमाई काय? पुढं बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मला त्या दुकानदाराची फार आठवण यायची. कोदंडाकडे तारण म्हणून ठेवायला काहीच नव्हतं, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

कायद्याची बातही निघायचीच. कुणीतरी ठासून सांगायचं की हे नाटक बघूनच सरकारनं ‘शारदा कायदा’ केला. हा समज आपल्याकडे अजून आहे. प्रत्यक्षात 1929 चा तो बालविवाह प्रतिबंधक कायदा अजमेरचे हरविलास सारडा यांच्या नावानं ओळखला गेला. ‘सारडा’चं मराठी तोंडात ‘शारदा’ झालं, इतकंच. 1 एप्रिल 1930 पासून तो लागू झाला, मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा. पण तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. पोर्तुगीज गोव्यात त्या कायद्याचं राज्य नव्हतं, नाटक मात्र हद्द ओलांडून केव्हाच आलं होतं.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो ते सांगतो. या वादात बायका नसायच्या. त्या मांडावर एका बाजूला चटयांवर बसायच्या, आणि त्यांचं बोलणं दुसऱ्या दिवशी विहिरीवर आणि परसात व्हायचं. माझ्या वडिलांची आत्या, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो, अकराव्या वर्षी चाळिशी उलटलेल्या बिजवराला दिलेली. सोळाव्या वर्षी ती माहेरी परत आली ती कायमची. तिच्या लग्नात गोत्र आडवं आलं नाही आणि कोदंडही आला नाही. ‘शारदा’ असली की ती पहिल्या रांगेत बसायची. मात्र लग्न मोडलं की उठायची, चटई गुंडाळायची आणि घरी यायची. शेवटचा अंक तिनं कधी पाहिला का, मला शंका आहे.

एकदा ओसरीवर वडील आणि काका कोदंड योग्य की अयोग्य यावर तावातावानं बोलत होते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तिका कोणें विचारलें?” दोघंही गप्प झाले. काकांनी पान लावायला घेतलं.

पुढं मी ‘शारदा’ पुन्हा नीट वाचली. देवलांवर अन्याय नको. त्यांची शारदा मुकी नाही. मैत्रिणींशी ती मोकळेपणानं बोलते, आपली भीती बोलून दाखवते. पण आत्याआजीचा प्रश्न उरतोच. शेवटी तिच्या लग्नाचा निकाल लावतात ते पुरुषच.

1964 मध्ये वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ आलं. गोवा हिंदू असोसिएशनचं नाटक, मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं संगीत, रामदास कामतांचा पराशर आणि आशालताची सत्यवती. माणसं सगळी आपलीच, म्हणून गावात त्याचं अप्रूप फार. तिथं तर पुराणातली जोडी असूनही वाद झाला. सत्यवतीनं पराशराची वाट बघायला हवी होती की शंतनूचं राजेपण घेतलं ते बरोबर? या खेपेला घरातल्या बायकाही मध्ये बोलल्या, आणि आईनं शंतनूची बाजू घेतली. वडिलांना ते अजिबात पटलं नाही! आत्याआजी तोपर्यंत गेली होती.

आमोणे, न्हावेली, माशेल, खांडोळा या भागातल्या कुणाकडे ‘शारदे’ची हातानं उतरवलेली नाटकवही किंवा त्या वेळचे फोटो असतील तर इथं जरूर टाका. शारदेचं काम करणारे दोघंतिघं आज ऐंशी-नव्वदीत असतील. त्यांच्या घरच्यांनी त्यांना हे वाचून दाखवावं आणि कोदंडाबद्दल त्यांचं मत विचारून कळवावं.