टेकडीवरून दिसणारे नागासाकी

जपानच्या नैर्ऋत्येस क्यूशू हे मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिमेकडील भागात समुद्राचा एक चिंचोळा फाटा डोंगरांच्या कुशीत खोलवर शिरला आहे. या फाट्याच्या काठी नागासाकी शहर वसले. सपाट जमीन येथे जेमतेम. साहजिकच वस्ती वाढू लागली ती टेकड्यांच्या अंगावर चढत चढत वाढली. घरामागे घर, पायऱ्यांमागे पायऱ्या अशी तिची रचना. मध्यभागी बंदराचे पाणी आणि सभोवार घरांनी भरलेले उतार, यामुळे या शहराला उखळाची उपमा देतात.

दिवसा दाटीवाटीचे वाटणारे हे शहर रात्री निराळेच रूप धारण करते. बंदराच्या पश्चिमेस इनासा नावाचा ३३३ मीटर उंचीचा डोंगर आहे. १९५९ साली त्यावर जाण्यासाठी रज्जुमार्ग झाला. माथ्यावरून पाहिले की दिवे पायाशीच आहेत असे नव्हे, तर समोरच्या टेकड्यांवर डोळ्यांच्या पातळीपर्यंत चढत गेलेले दिसतात. हाकोदाते, कोबे आणि नागासाकी या तीन बंदरांचे रात्रीचे देखावे जपानात पूर्वीपासून नावाजलेले आहेत. २०१२ साली हाँगकाँग व मोनॅको यांच्या जोडीने नागासाकीची गणना जगातील तीन श्रेष्ठ निशादृश्यांत झाली. २०२१ साली हाँगकाँगच्या जागी शांघाय आले, नागासाकीचे स्थान मात्र टिकून राहिले.

इनासाच्या या उतारावर २००९ साली एक हॉटेल उभे राहिले. त्याचा आराखडा केंगो कुमा या विख्यात जपानी वास्तुविशारदाचा. शहरातील २००५ सालचे प्रांतिक कलासंग्रहालयही त्यांच्याच आराखड्यातून साकारले. इमारतीने स्वतः मिरवू नये, भोवतालच्या भूमीत मिसळून जावे, हे त्यांचे आवडते सूत्र. लाकूड हे त्यांचे प्रिय साहित्य. येथेही भिंतींना लाकडाचे आच्छादन देऊन खोल्यांची तोंडे बंदराकडे केलेली आहेत. प्रवासी दिवा मालवतो, खिडकीशी बसतो आणि समोरच्या दिव्यांकडे पाहत राहतो. त्या खोलीचे मोल बव्हंशी त्या खिडकीचे मोल असते.

परंतु या बंदराकडे उंचावरून पाहण्याची मुभा सर्वांना सर्वकाळ नव्हती. टेकडीवर कोणी उभे राहावे, कोणी काय पाहावे, यावरून येथे चार शतके राजकारण झाले. तो इतिहास ध्यानी घेतला म्हणजे त्या खिडकीतले दिवे अधिक स्पष्ट दिसू लागतात.

सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नागासाकी हे कोळ्यांचे लहानसे खेडे होते. तेथील सरदार ओमुरा सुमितादा याने १५६३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १५७१ पासून पोर्तुगीजांची जहाजे येथे नियमाने लागू लागली आणि १५८० साली सुमितादाने हे बंदर जेझुइट पाद्र्यांच्या स्वाधीन केले. या व्यापाराचे एक टोक गोव्यात होते. गोव्याहून निघालेले प्रचंड जहाज मकावला थांबे, तेथे चिनी रेशीम भरी आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर नागासाकीला येई. परतताना त्यात जपानी चांदी असे. जपानी लोक या जहाजाला 'काळे जहाज' म्हणत. मांडवीच्या काठावरून सुटलेली वस्तू आणि माणसे अशा रीतीने इनासाच्या पायथ्याशी पोहोचत.

माणसे उलट दिशेनेही आली. १५८२ साली नागासाकीहून चार जपानी मुले युरोपच्या प्रवासास निघाली. परतीच्या वाटेवर १५८७ साली ती गोव्यात असताना त्यांपैकी हारा मार्तिन्हो याने लॅटिन भाषेत भाषण केले. ते पुढल्याच वर्षी गोव्याच्या छापखान्यात छापून निघाले. भारतभूमीवरील मुद्रणाच्या आरंभीच्या इतिहासात एका जपानी मुलाचे भाषण असावे, हा योगायोग लक्षणीय खरा.

याच ओघात एक वसईकर नागासाकीच्या इतिहासात चिरंतन होऊन बसला. गोन्सालो गार्सिया याचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईस झाला. वडील पोर्तुगीज, आई तेथलीच. जेझुइटांच्या हाताखाली शिकून तो तरुणपणीच जपानला गेला, तेथील भाषा शिकला, काही काळ त्याने व्यापारही केला. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन पंथात सामील झाला आणि १५९३ साली दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात आला. तोवर जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याचे परक्या धर्माविषयीचे मन कलुषित झालेले होते. पाद्र्यांना हद्दपार करण्याचा हुकूम त्याने १५८७ सालीच काढला होता. १५९६ साली एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून उद्भवलेल्या वादाने संशयाचा भडका उडाला आणि सव्वीस जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी बंदरासमोरच्या निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसावर चढवून ठार करण्यात आले. त्यांत वीस जपानी होते, आणि वसईचा गोन्सालोही होता. शिक्षेची जागा उंचावरची आणि उघडी होती. शहराने ती शिक्षा पाहावी हाच हेतू होता. १८६२ साली रोमने या सव्वीस जणांना संतपद दिले. बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ साली, केन्जी इमाई या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे तेथे स्मारक व संग्रहालय झाले. वसईत आज गोन्सालोच्या नावाचे चर्च आहे, महाविद्यालय आहे. निशिझाकाच्या स्मारकात त्याची प्रतिमा आहे. एकाच माणसाच्या स्मृतीने बांधलेल्या अशा दोन जागा इतक्या दूर क्वचितच आढळतील.

पुढील अडीचशे वर्षे टेकड्यांवर पहारे बसले. १६३९ साली पोर्तुगीजांना जपानची दारे बंद झाली. पुढल्या वर्षी मकावहून विनंती घेऊन आलेल्या शिष्टमंडळातील ६१ जणांचा शिरच्छेद झाला. सामान्य खलाशांपैकी तेराजणांना, घडले ते सांगण्यासाठी, परत धाडण्यात आले. समुद्राकडे तोंड असलेल्या डोंगरांवर टेहळणीच्या चौक्या उभारल्या गेल्या. परके शीड क्षितिजावर दिसताच खबर शहरात पोहोचे. डच व्यापाऱ्यांना १६४१ पासून देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर ठेवण्यात आले. या वखारीतून भारतातील छापील व पट्ट्यापट्ट्यांचे सुती कापड जपानात जाई. परंतु ते विकणाऱ्या डचांना परवान्यावाचून पूल ओलांडता येत नसे. डोंगरावरचा जपानी पहारेकरी परक्याला पाही. परक्याने डोंगरावर जाऊन पाहणे मात्र निषिद्ध होते.

१८५९ साली नागासाकी परदेशी व्यापाराला खुले झाले आणि हा क्रम उलटला. पूर्वेकडील ओउरा भागात परदेशी लोकांची वसाहत झाली. पैसेवाल्यांनी लगेच टेकडी धरली. थॉमस ग्लोव्हर हा स्कॉटिश व्यापारी १८५९ सालीच येथे आला होता. १८६३ साली त्याने मिनामी-यामाते उतारावर आपले घर बांधले. जपानात आज उभ्या असलेल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या लाकडी घरांत ते सर्वांत जुने आहे. ते बांधणारा कोयामा हिदेनोशिन हा अस्सल जपानी सुतार व कंत्राटदार होता. त्यामुळे छपरावर जपानी कौले, भिंतीत जपानी माती, आणि भोवती मात्र प्रशस्त व्हरांडा असा हा संगम झाला.

या व्हरांड्याची वंशावळ आपल्याकडे पोहोचते. बंगला हा शब्द बंगालचा. भोवती ओसरी असलेली ही घराची तऱ्हा इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलली आणि सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय अशा बंदरांतून ती नागासाकीपर्यंत नेली. क्यूशूचा हिवाळा थंड असतो. उन्हापासून बचाव करणाऱ्या ओसरीची तेथे बारमाही गरज नव्हती. पण ग्लोव्हरला आणखी एक उपयोग होता. व्हरांड्यातून आपली जहाजे कधी बंदरात शिरतात ते त्याला दिसे. कोळसा, जहाजे आणि शस्त्रे यांचा त्याचा व्यापार होता. शोगुनाविरुद्ध उठलेल्या सरदारांशी त्याचे घनिष्ठ संबंध होते. १८७० साली त्याचे दिवाळे वाजले, तरी तो जपानातच राहिला आणि १९११ साली तेथेच वारला.

इनासाच्या बाजूस या काळात रशियनांचे बस्तान होते. १८५८ पासून रशियन युद्धनौका येथे हिवाळा काढीत. गोशिन्-जी मंदिराच्या परिसरात आजही रशियन खलाशांची थडगी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिचिनागा एई नावाच्या कर्तबगार स्त्रीने या उतारावर 'व्हेस्ना', म्हणजे रशियन भाषेत वसंत, या नावाचे हॉटेल काढले. पलीकडच्या काठावर जोसाया काँडर या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्याचे नागासाकी हॉटेल १८९८ साली सुरू झाले; पण ते फार वर्षे टिकले नाही. इनासावर बंदर न्याहाळीत मुक्काम करण्याची प्रथा अशी शतकाहून जुनी आहे.

विसाव्या शतकात मात्र या देखाव्यावर पडदा पडला, आणि तोही अक्षरशः. मित्सुबिशीची गोदी बंदराच्या पश्चिम काठावर आहे. १९०९ साली उभारलेली तिची दीडशे टनी यारी अद्याप तेथे आहे. १९३८ साली या गोदीत 'मुसाशी' या महाकाय युद्धनौकेच्या बांधणीस आरंभ झाला. काम गुप्त होते, आणि भोवताली शेकडो घरांच्या खिडक्या गोदीकडे उघडत होत्या. तेव्हा ताडवर्गीय झाडाच्या काथ्याचे प्रचंड पडदे विणून सांगाडा झाकण्यात आला. यासाठी इतका काथ्या खरेदी झाला की कोळ्यांना जाळ्यांसाठी तो मिळेनासा झाला. टेकड्यांवर पोलिसांची गस्त असे. बंदराकडे टक लावून पाहणारा संशयित ठरे. गोदी नजरेच्या टप्प्यात असलेले ग्लोव्हरचे घर १९३९ साली मित्सुबिशीने विकत घेतले. १ नोव्हेंबर १९४० रोजी जहाज पाण्यात लोटले, तेव्हा सराव असल्याचे सांगून लोकांना घरात कोंडण्यात आले होते. जहाजाने उठवलेली लाट समोरच्या काठावरील घरांत शिरली. आपल्या दारात पाणी कशाचे आले, हे विचारण्याचीही त्यांना सोय नव्हती.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब फुटला तो बंदराच्या उत्तरेस, उराकामीच्या खोऱ्यावर. ज्या डोंगरांनी वस्तीला जागा दिली नव्हती त्यांनीच त्या दिवशी बंदरालगतच्या भागाला थोडाफार आडोसा दिला. उराकामीला आडोसा नव्हता. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार माणसे मरण पावली. अडीचशे वर्षे गुप्तपणे धर्म पाळून १८६५ साली ओउराच्या चर्चमध्ये प्रकट झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे हजारो वंशजही त्यांत होते. शहराचा मोठा भाग काळोखात गेला.

नंतर दिवे लागले ते एकेक करून. परतलेली, नव्याने आलेली कुटुंबे पुन्हा उतारांवरच राहू लागली. १९५७ साली मित्सुबिशीने ग्लोव्हरचे घर शहराला दिले आणि त्याचा व्हरांडा सर्वांसाठी मोकळा झाला. दोन वर्षांनी इनासाचा रज्जुमार्ग सुरू झाला. ज्या डोंगरांवरून पाहणे हा अपराध होता, तेथे तिकीट काढून कोणीही जाऊ लागला. या शहराच्या जीवनातील हा बदल लहान नव्हे.

तथापि उतारावर राहणे सोपे नाही. २३ जुलै १९८२ च्या रात्री नागासाकी परिसरात आभाळ फाटले. जवळच्या नागायो येथे एका तासात १८७ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दरडी कोसळून आणि पूर येऊन सुमारे तीनशे माणसे दगावली. आता संकट वेगळे आहे. अनेक घरांपर्यंत मोटार पोहोचत नाही. वृद्धांना पायऱ्या झेपत नाहीत, तरुण सपाटीवर वा अन्य शहरांत जातात, आणि उतारांवरची घरे रिकामी पडतात. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ४ लाख ९ हजार होती. ती घटतच आहे.

इनासावरील खिडकीतून दिसणाऱ्या दिव्यांत गोदीचे, पुलाचे आणि रस्त्यांचे दिवे आहेत. पण त्या देखाव्याला खोली येते ती घरगुती दिव्यांनी. कोणीतरी पायऱ्या चढून घरी आले, त्याने दिवा लावला, म्हणून समोरचा उतार उजळतो. उत्तम वास्तुविशारद खिडकी योग्य जागी ठेवू शकतो. खिडकीपलीकडचा प्रकाश मात्र त्या उतारावर राहणाऱ्यांच्या हाती आहे. नागासाकीला आपले दृश्य राखायचे असेल, तर प्रवाशांसाठी हॉटेले बांधण्याइतकेच म्हाताऱ्या माणसांच्या पायऱ्यांकडेही लक्ष पुरवावे लागेल.